टेबलावरची दोन शहरं

चिमट्याच्या टोकात धरलेली बाई तांदळाच्या दाण्याएवढी होती, आणि तिला खाली बसवायचं होतं. बारक्याने श्वास रोखून तिला गुडघ्यात वाकवलं, कमरेत वाकवलं आणि दोन इमारतींच्या मधल्या बोळात, लोखंडी जिन्याखाली, गोंदाच्या ठिपक्यावर टेकवलं. तिच्या पुढ्यात शिवणयंत्र आधीच लावलेलं होतं. मुगाच्या दाण्याएवढं. त्याच्या चाकासाठी त्याने केसासारखी तार वळवली होती आणि त्यात अख्खी सकाळ गेली होती. ते चाक उघड्या डोळ्यांनी कुणालाच दिसणार नव्हतं. पण खऱ्या यंत्राला चाक आहे, म्हणजे याला हवंच. यावर बारक्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

बारक्या पन्नाशीला टेकला होता. टक्कल पडलेलं, नाकावर एकावर एक दोन चष्मे. तरी नाव बारक्याच. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा तो सात वर्षांचा होता, आणि तिने पहिल्या दिवशी मारलेली हाक पुढे शाळेत गेली, गल्लीत गेली, नोकरीतही येऊन बसली. इमारतींचे आराखडे करणाऱ्या एका कचेरीत तो मॉडेलं बनवायचा. तीस वर्षं तेच. शहरात उभ्या राहिलेल्या निम्म्या उंच इमारती आधी त्याच्या हाताखालून गेल्या होत्या, पुठ्ठ्याच्या आणि प्लास्टिकच्या.

"काका, किती राहिलं?" मॅडम दारातून म्हणाल्या. मॅडम त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण कचेरी त्यांची.

"चौपन्न माणसं बसवायची राहिलीत."

"चौपन्न! अहो, उद्घाटन परवा आहे."

"परवा लागतील."

हे काम साधं नव्हतं. शहराच्या मुख्य कचेरीत प्रदर्शन भरणार होतं: दोन टेबलं, दोन शहरं, एकाच मापात. एका टेबलावर आपल्या शहराचा मधला भाग. दुसऱ्यावर समुद्रापलीकडच्या त्या बड्या शहराचा, ज्याचं चित्र इथल्या प्रत्येक केशकर्तनालयाच्या भिंतीवर असतं. लोकांनी बघावं, मोठ्या पाहुण्यांनी बघावं, आणि आपणही काही कमी नाही असं सगळ्यांना वाटावं. हेतू हा. पण दोन्ही टेबलांवर नुसत्या इमारती उभ्या झाल्या त्या दिवशी मॅडमचा चेहरा पडला होता. त्या बड्या शहराच्या सगळ्यात उंच मनोऱ्याचं टोक बसवायला बारक्याला स्टुलावर चढावं लागलं होतं. आपला सगळ्यात उंच मनोरा, बँकेचा, तो त्याने खुर्चीत बसून पुरा केला होता.

"आपली स्कायलाइन अगदीच बसकी दिसते हो," मॅडम म्हणाल्या होत्या. "बेडकाने फुगून बैलाशेजारी बसावं तशी." मग आवाज खाली आणून, "काका, आपल्या इमारती जरा दोन-दोन बोटं वाढवल्या तर? कोण मोजतंय?"

"मी मोजतोय," बारक्या म्हणाला होता.

त्याला हे काम शिकवलेल्या म्हाताऱ्या उस्तादाचा एकच नियम होता. जे नाही ते लावायचं नाही, जे आहे ते सोडायचं नाही. बारक्याने तो देवाच्या जागी ठेवला होता. मॅडमने तोंड वाकडं केलं, तेव्हा त्याने त्यांना हाताला धरून खाली वाकवलं होतं, अगदी टेबलाच्या कडेला डोळे येतील इतकं.

"वर बघूच नका. खाली बघा. मी यांचे चारशे फोटो पाहिलेत. यांच्या रस्त्यावर एक तरी माणूस थांबलेला दाखवा मला. सगळे चाललेत. खाली सगळी काच, फिरती दारं, पेटीत लावलेली झाडं. थांबायला जागाच नाही हो. आणि आपल्याकडे? चाललेला कमी, थांबलेला जास्त. किल्ल्या करून घेतोय, बूट पॉलिश करून घेतोय, उगाचच पायरीवर बसलाय, भांडतोय. त्यांचं शहर मान वर करून बघायचं. आपलं मान खाली घालून."

मॅडम क्षणभर तशाच वाकून राहिल्या. मग ताठ झाल्या आणि त्यांनी टाळीच वाजवली.

"हाच आपला मुद्दा! त्यांची उंची, आपला जीव. काका, भरा रस्ता. प्रत्येक माणूस भरा. आणि यादी करा, आपण पुस्तिका छापू."

झालं. त्यानंतर आठ दिवस बारक्या वही आणि टेप घेऊन मधल्या भागात फिरला. कोपऱ्यावरचा किल्लीवाला, घड्याळं दुरुस्त करणारा, जो स्वतः नेहमी उशिरा यायचा, वजनाचा काटा घेऊन बसणारा आंधळा, न्यायालयाच्या पायऱ्यांवर अर्ज लिहून देणारे तिघे, त्यांतला एक दुसऱ्या दोघांशी न बोलणारा. त्यालाही त्याने टेबलावर, मापात, दोन हात लांब बसवलं. अंतर मोजून.

पाचव्या दिवशी तो बँकेच्या कोपऱ्यावरून आत वळला. बँक आणि विमा कंपनीची जुनी इमारत यांच्यामध्ये एक बोळ आहे. सव्वाचार फूट रुंद. रस्त्यावरून जाताना दिसत नाही, वळलं तरच दिसतो. आत विमा कंपनीचा आग लागली तर उतरायचा लोखंडी जिना, आणि त्या जिन्याखाली वहिनी. बावीस वर्षं. दादा गेला त्याच्या दुसऱ्याच महिन्यात तिने तिथे यंत्र आणून मांडलं होतं. पँटच्या चेनी, निघालेली अस्तरं, तुटलेली बटणं, वाढलेल्या पोटांसाठी सोडलेल्या शिवणी. वरच्या सगळ्या मजल्यांवरची माणसं तिच्याकडे यायची आणि कुणीही कुणाला तिचा पत्ता लिहून द्यायचं नाही. सोबत आणून दाखवायचं. पाटी नव्हती. परवाना नव्हता. बारक्याने एकदा सुंदर पाटी करून आणली होती, ती तिने यंत्राखाली कापडात गुंडाळून ठेवली. "पाटी लावली की पाटी काढणारा येतो," ती म्हणाली होती.

"काय मोजतोयस रे?" तोंडात टाचण्या धरून वहिनीने विचारलं.

"बोळ."

"तुझं ते खेळण्यातलं शहर होय? मला नको हं घालूस त्यात. मी आहे तिथे बरी आहे."

बारक्या हसला आणि जिन्याच्या पायऱ्या मोजू लागला.

तेवढ्यात विमा कंपनीच्या मागच्या दारातून मामा बाहेर आले. मामा तिथले वॉचमन, वहिनीइतकेच जुने. रोज संध्याकाळी यंत्राला एका बाजूने त्यांचा हात लागायचा आणि ते त्यांच्या दारामागे जायचं. सकाळी परत बाहेर यायचं. आज त्यांच्या हातात केरसुणी होती आणि कपाळावर आठी.

"वहिनी, हे दोरे बघा. वाऱ्याने आत येतात. साहेब मला बोलतो."

"तुमच्या साहेबाला विचारा, त्याची चेन कुणी बसवली. ऐन मीटिंगच्या आधी पळत आला होता, फाइल पुढे धरून."

"थट्टा नाही. एक दिवस कुणीतरी तक्रार करेल, मग बसा."

"कोण करतंय तक्रार? तुम्हीच ना!"

मामा पुटपुटत दोरे झाडून गेले. हे असं त्यांचं महिन्यातून एकदा व्हायचं. संध्याकाळी यंत्राला पुन्हा दोघांचे हात.

त्या रात्री यादी करताना बारक्याचं पेन एक्केचाळीसाव्या आकड्याशी अडलं. नको हं घालूस, हे त्याच्या कानात होतं; नव्हतं असं नाही. पण ती गमतीने म्हणाली असणार. आणि गंमत नसली तरी काय? या बाईने त्याला न्हाऊ घातलं, शाळेत घातलं, दादा नको म्हणत असताना उस्तादाकडे नेऊन बसवलं. शहरातला एकूणएक खांब नकाशावर आहे आणि ती कुठेच नाही. एकदा तरी तिने कुठेतरी असावं. शेवटच्या दिवशी तिला प्रदर्शनाला न्यायचं, हातात भिंग द्यायचं आणि म्हणायचं, शोध तू कुठे आहेस. त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं: कपडे दुरुस्ती, लोखंडी जिन्याखाली, बँकेच्या कोपऱ्यावरून आत.

प्रदर्शनाला ही गर्दी झाली. लोक आधी त्या शहराच्या टेबलाशी जायचे, मान वर करायचे, "बापरे" म्हणायचे. मग आपल्या टेबलाशी यायचे आणि हलायचेच नाहीत. कुणाला आपला चहावाला सापडायचा, कुणाला आपली बसण्याची पायरी. एका बाईला तिचा नवरा भलत्याच दुकानासमोर उभा दिसला आणि ती त्याला तिथेच जाब विचारू लागली. मॅडम एकेका पाहुण्याला सांगत होत्या, "त्यांची उंची, आपला जीव." बारक्या इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यात उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या कामाकडे बघून लोक इमारतींबद्दल बोलत नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी अग्निशमन खात्याचे एक अधिकारी आले. सभ्य, सावकाश बोलणारे. हात पाठीमागे बांधून त्यांनी टेबलाला अख्खी फेरी मारली आणि बँकेपाशी वाकले.

"हे काय आहे? जिन्याखाली?"

मॅडम काही बोलायच्या आत बारक्या पुढे झाला.

"कपडे दुरुस्ती आहे साहेब. एक्केचाळीस नंबर."

"खरंच आहे तिथे, का आपलं शोभेला?"

"शोभेला?" बारक्याला हे लागलं. "साहेब, या टेबलावर एक गोष्ट खोटी दाखवा. बावीस वर्षं आहे ती तिथे. हे यंत्राचं चाक बघा, भिंगातून बघा."

"कमाल आहे. मी पंधरा वर्षं त्या रस्त्याने जातोय. कधी दिसलं नाही."

"दिसतच नाही साहेब बाहेरून. बँकेच्या कोपऱ्यावरून आत वळावं लागतं." आणि त्याने बोट टेकवून दाखवलं. कुठून वळायचं, किती पावलं.

अधिकाऱ्यांनी भिंगातून चाक पाहिलं, मनापासून मान डोलावली. मग पुस्तिका घेतली, पान शोधलं, त्याचा कोपरा दुमडला आणि आभार मानून गेले. संध्याकाळपर्यंत बारक्या हवेत होता. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं. फक्त ते दुसऱ्याच्या गळ्यात पडतं.

नवव्या दिवशी वहिनीचा निरोप आला, लगेच ये. तो गेला तेव्हा ती यंत्रावर बसली होती, पण पाय हलत नव्हते. मांडीवर एक कागद होता. तिने चष्मा लावून तो मोठ्याने वाचला. आगीच्या वेळी सुटकेसाठी असलेल्या जिन्याखाली अडथळा, तीन दिवसांत जागा मोकळी करावी. आणि वर ठिकाण: कपडे दुरुस्ती, लोखंडी जिन्याखाली, बँकेच्या कोपऱ्यावरून आत.

बारक्याने वाकून कागदावर पाहिलं आणि शेजारचा कठडा धरला. स्वल्पविरामसुद्धा त्याचे होते.

"बघितलंस किती नेमका पत्ता?" वहिनी म्हणाली. "कोपऱ्यावरून आत! असा पत्ता बाहेरच्या माणसाला सुचेल? हे मामाचं काम आहे. तुझ्यासमोरच म्हणाला होता ना, एक दिवस कुणीतरी तक्रार करेल म्हणून? बावीस वर्षं त्याच्या पँटी शिवल्या मी. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा मेला."

"वहिनी, कदाचित…"

"कदाचित काय?"

ती त्याच्याकडे बघत होती. डोळे लाल होते. पण रडण्याने नाही, रात्रभर जागल्याने. बारक्याच्या ओठांशी ते सगळं आलं, एक्केचाळीस नंबर, बोट, चाक, सगळं. त्याने तिच्या हातातला कागद घेऊन त्याची घडी घातली.

"काही नाही. मी मॅडमशी बोलून बघतो."

मॅडमशी तो खरंच बोलला. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं, आणि त्यांना वाईटही वाटलं; तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

"पण काका, फायरचा जिना आहे तो. उद्या खरंच आग लागली तर? मी कोणत्या तोंडाने सांगू, राहू द्या म्हणून?" थोडं थांबून त्या म्हणाल्या, "टेबलावर मात्र ती असू दे हं. लोकांना फार आवडते. पुढच्या महिन्यात आपलं टेबल तिकडे जातंय, त्यांच्या शहरात. त्यांनी खास मागवलंय. त्यांना म्हणे आपला रस्ता बघायचाय."

बारक्या उठला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. दुसऱ्या चष्म्यावाचून त्याला समोरची कात्रीसुद्धा नीट दिसत नव्हती.

मुदतीच्या तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वहिनीने यंत्र थांबवलं नाही. एका कोटाचं अस्तर राहिलं होतं, ते तिने शेवटच्या टाक्यापर्यंत पुरं केलं. न नेलेले अकरा कपडे चिठ्ठ्या टाचून बँकेच्या शिपायाकडे दिले. पुढे कुठे बसणार, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. घराच्या खिडकीत यंत्र मांडता येईल. पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीपर्यंत चेन तुटलेला माणूस पळत येणार नव्हता, हे तिला कळत होतं आणि बारक्यालाही.

त्याने हातगाडी आणली होती. यंत्र ओतीव लोखंडाचं, एकट्याला उचलवणारं नव्हतं. त्याने एक बाजू धरली, आणि दुसऱ्या बाजूला, रोजच्या सवयीने, मामांचा हात आला.

"हात लावू नकोस," वहिनी म्हणाली.

मामांना तोंडावर तिने कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला.

"वहिनी, माझ्या पोराची शपथ घेऊन सांगतो, मी नाही केलं हे."

"पोराला कशाला मध्ये आणतोस? स्वतःची घे."

"स्वतःची घेतो. मी एक अक्षर कुणाशी बोललेलो नाही." हे म्हणताना त्यांनी वहिनीकडे नाही, बारक्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, आणि थांबले.

बोळात वरच्या कुठल्यातरी मजल्यावरच्या पंख्याची घरघर येत होती. बारक्या यंत्राच्या दोऱ्या आवळत होता. आवळलेली दोरी त्याने पुन्हा सोडली आणि पुन्हा आवळली.

"मामा, जाऊ द्या ना आता," तो शेवटी म्हणाला. "तिला त्रास होतो."

वहिनीने कात्रीचा डबा उचलला आणि ती ताडताड बोळाच्या तोंडाकडे चालू लागली. दोघांनी मिळून यंत्र गाडीवर चढवलं, तिची पाठ होती तोवर. मामांना धाप लागली. त्यांनी भिंतीला हात टेकला.

"सुट्टीच्या दिवशी गेलो होतो तुझं टेबल बघायला," ते हळूच म्हणाले. "बायकोला घेऊन. मलापण दारात बसवलंयस. खुर्चीचा मोडका पायसुद्धा केलायस."

बारक्याने वर पाहिलं नाही.

"मग तिला सांगितलं का नाहीत?"

"सांगून काय करू? ती माझ्याशी बोलली नाही तर तिचं काही अडत नाही. तुझ्याशी बोलायची थांबली, तर बोलेल कुणाशी?" त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. "ते तू सांगायचं. मी नाही."

बारक्याने गाडी ढकलली. बोळाच्या तोंडाशी वहिनी उभी होती. समोर भर दुपारचा रस्ता वाहत होता. किल्लीवाल्याचं यंत्र किरकिरत होतं, कुणीतरी कुणालातरी हाका मारत होतं, आणि वरती बँकेच्या काचा ऊन फेकत होत्या. ती गाडीच्या बाजूने चालू लागली. यंत्र घसरू नये म्हणून तिने त्यावर एक हात ठेवला होता.

"काय म्हणत होता रे तो?" तिने विचारलं.

गाडीचं चाक एका फरशीत अडकलं. बारक्याने ते वाकून सोडवलं, सोडवायला लागतो त्याहून जास्त वेळ घेतला.

"माफी मागत होता."

वहिनीने यंत्रावरचा हात नीट केला. मग तिने जोरात श्वास सोडला, मनावरचं ओझं उतरल्यासारखा.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "तीन दिवस मला झोप नव्हती रे. वाटत होतं, उगाच एखाद्या चांगल्या माणसावर आळ तर नाही ना घेतला मी."